बाद चलनाचे मोल

मराठवाड्यावर निजामाची हुकूमत होती तेव्हा इथल्या बाजारात चालणारा, अंगावर चारमिनाराची आकृती मिरवणारा हाली रुपया इंग्रजी अमलातील कलदाराशी साताला सहा अशा दराने वटत असे, आणि औरंगाबादेहून मनमाडकडे निघालेल्या माणसाला संस्थानाची हद्द ओलांडताच त्या वटणावळीचा हिशेब करावा लागे. पुढे संस्थान विलीन झाले, काही वर्षांनी ते चलनही बाद ठरले, आणि खजिन्याने नाकारलेले नाणे संग्राहकाच्या पेटीत जाऊन बसले. जुन्या कॅसिनो हॉटेलांच्या स्मृतिवस्तू जमविण्याचा छंद आज छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला परका आणि काहीसा चैनीचा वाटत असेल, तर त्याने प्रथम या हाली रुपयाकडे पाहावे.

कारण कॅसिनोतील चिप, म्हणजे रोकडीऐवजी पटावर मांडावयाची चकती, हीदेखील एका चिमुकल्या संस्थानाचे चलनच होय. ज्या हॉटेलाने ती काढली त्याच्या चार भिंतींत तिचा अंमल. आणि गिऱ्हाईक जी चकती खिशात घालून घरी नेतो तिचे देणे हॉटेलाच्या खातेवहीत तसेच पडून राहते. म्हणूनच कॅसिनो बंद होताना त्याने आपल्या चकत्या ठराविक मुदतीत पैसे देऊन परत घ्याव्यात आणि नंतर नष्ट कराव्यात, असा नेवाडा राज्याचा दंडक आहे. लास व्हेगासमध्ये १९५५ साली उघडलेले ‘ड्यून्स’ १९९३ मध्ये, १९५२ चे ‘सँड्स’ १९९६ मध्ये आणि १९५८ चे ‘स्टारडस्ट’ २००७ मध्ये सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. अशा हॉटेलांच्या ज्या चकत्या कुणाच्या तरी कपाटात विसरून राहिल्या, त्यांच्यावर आज संग्राहकांच्या उड्या पडतात. किती पाडल्या यापेक्षा किती वाचल्या, यावरच त्यांची किंमत ठरते.

एके काळी तिथल्या यंत्रांत चांदीचे खरे डॉलर पडत असत. १९६४ च्या सुमारास त्यांची टंचाई झाली आणि पुढल्याच वर्षी फ्रँकलिन मिंटने कॅसिनोंसाठी धातूची टोकने पाडून दिली. याखेरीज आगपेट्या, रक्षापात्रे, खोल्यांच्या किल्ल्या, आणि पुन्हा डावात येऊ नयेत म्हणून भोक पाडलेले फासे हेही जमविले जातात. पण माझ्या मते ती साधी हॉटेली आठवण झाली, तिच्यात देण्याघेण्याचा तो पेच नाही.

आपल्या राज्यात असा संग्रह करू म्हणणाऱ्याची मात्र पंचाईत आहे. गोव्याने आपल्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवरील पटाच्या खेळांना वाट करून दिली, तेव्हा मांडवीतील जहाजांच्या चकत्या हौशी माणसाने आतापासूनच जपून ठेवाव्यात. महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा अधिनियम १९७६ सालीच संमत केला होता, पण तो कधी अंमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मराठी कॅसिनोची स्मृतिवस्तू म्हणावी असा ऐवज तो अधिनियमच. त्याची छापील प्रत जुन्या दफ्तराच्या गठ्ठ्यात सापडलीच, तर रद्दीवाल्याशी फार घासाघीस करू नये.