मालवणच्या पाण्यासाठी सावद्यात भरलेली पिशवी

सकाळी 6

डिसेंबरात आमच्या शिवारात थंडी उतरली की केळीच्या पानांना चरका लागतो. या दिवसांत पहाटे तात्यांच्या मळ्यातलं शेततळं अगदी निवळ असतं, कारण रात्रभरात गाळ तळाशी बसलेला असतो. मालवणला डाइव्हला निघण्याआधी हाऊसिंगची, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीच्या जलरोधक कवचाची, पहिली परीक्षा मी याच वेळी घेतो. कॅमेरा बाहेर ठेवायचा, कवचात कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा, दगड बांधून दोरीने खाली सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. लग्नसराईत कॅमेऱ्यावर पोट भरणाऱ्या माणसाने तो थेट पाण्यात सोडू नये.

तात्या काठावर शेकत बसले होते. "आत कॅमेरा नाही, मंग काय पाह्यतो भो?"

"कागद ओला होतो का, तेवढंच बघायचंय तात्या."

वर काढलेल्या कवचातली रबरी रिंग त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे नेली. "हे तर आपल्या ठिबकच्या फिल्टरचं रबर. रेतीचा कण बसला का पाणी सुटलंच समज."

ज्याने आयुष्यभर ठिबकचे फिल्टर धुतले, त्याला ओ-रिंग समजावून सांगावी लागत नाही. एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. रिंग हाताने अलगद काढायची, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं, नुसती चमक येईल इतकंच. ग्रीस फट बुजवत नाही, रबर मऊ ठेवतं. जास्त लावलं तर त्यालाच कचरा चिकटतो. दोन-अडीच मीटरच्या तळ्यात कसली परीक्षा, असं कुणाला वाटेल. पण खोल गेल्यावर पाण्याचा दाबच रिंगला घट्ट बसवतो. उथळ पाण्यात दाब कमी, त्यामुळे नीट न बसलेली रिंग बऱ्याचदा तिथेच दगा देते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उतरू नका. ते प्लास्टिक शेवाळाने निसरडं होतं आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. जे करायचं ते काठावरून, दोरीने.

सकाळी 10

दुकान उघडलं. पासपोर्ट फोटो, परीक्षेचे फॉर्म, एका अल्बमची निवड. फैजपूरचं एक नवं जोडपं अल्बम न्यायला आलं होतं, तेही माझ्यासारखंच मालवणकडे, तारकर्लीला निघालेलं. मोबाइलसाठी पारदर्शक पाऊच घेतलाय, चालेल ना, असं दादाने विचारलं. काठावर, होडीत, शिंतोड्यांपासून वाचवायला चालेल. पाण्याखाली टचस्क्रीनला बोट आणि पाणी यांतला फरक कळत नाही, आणि स्कूबाच्या खोलीसाठी तो पाऊच बनलेलाही नसतो. ताई म्हणाल्या, "मग राहू द्या, आम्ही डोळ्यांनीच बघू." मला ते फार आवडलं.

दुपारी 1

दुकान बंद करून सगळं सामान टेबलावर मांडलं. कोणता कॅमेरा न्यायचा, ही खरी निवड आता होती.

दुकानदार मेगापिक्सलपासून सुरुवात करतो, मी पाण्यापासून करतो. मालवणचं पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखं निळं-पारदर्शक नाही. किनाऱ्याजवळचं, खाडीच्या गाळाचं, बहुतेक वेळा हिरवट पाणी. काही मीटरपलीकडचं धूसर होतं. पाणी प्रकाशातला लाल रंग आधी खातं. पाच मीटरवर लाल बराचसा गेलेला असतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. शिवाय प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू प्रत्यक्षापेक्षा पाऊण अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. लांबून झूम करून पाण्याखाली काही हाती लागत नाही. मासा आणि काच यांच्यातलं पाणी जितकं कमी, तितका फोटो चांगला. म्हणजे जवळ जाता येईल अशी रुंद लेन्स हवी आणि रंग परत आणणारा स्वतःचा उजेड हवा. बाकी सगळं यानंतर.

पहिला पर्याय माझा लग्नांत वापरायचा मिररलेस कॅमेरा. त्याचं हाऊसिंग त्या एकाच मॉडेलच्या मापाचं मिळतं, उद्या कॅमेरा बदलला तर तेही बदला. वर घुमटाकार काच, दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, आणि त्यांचे हात. चित्र सर्वांत सरस येईल यात शंका नाही. पण मालवणच्या छोट्या होडीत हे ओझं चढवणं, उतरवणं आणि प्रवाळाला धक्का न लावता सांभाळणं मला जमणारं नाही. आणि हाच कॅमेरा पुढच्या मुहूर्ताला मंडपात हवा. बाद.

दुसरा ॲक्शन कॅमेरा. हलका, रुंद बघणारा, व्हिडिओ उत्तम. मात्र खोक्यावरचा आकडा वाचावा. गोप्रोचा हिरो 12 उघडा असताना 10 मीटरपर्यंतचा आहे, आणि नवख्यांना दाखवायला नेतात ती डाइव्हसुद्धा 12 मीटरपर्यंत जाऊ शकते. त्याच्या स्वतःच्या कवचात तो 60 मीटर सोसतो, म्हणून कवच हवंच. बारीक जीव टिपायला तो कामाचा नाही, कारण अगदी जवळचं त्याला स्पष्ट दिसत नाही.

तिसरा ऑलिंपसचा टफ टीजी-6, 2019 सालचा. त्याचा धाकटा भाऊ टीजी-7 2023 मध्ये आला. खिशात मावतो, रॉ फाइल देतो आणि लेन्सपासून एक सेंटीमीटरवरचंही टिपतो. गढूळ पाण्यात हा शेवटचा गुण सोन्यासारखा आहे, कारण एक सेंटीमीटर पाण्यात गाळ तो किती असणार! उघडा 15 मीटरपर्यंतचा, माझं डायव्हिंगचं ओपन वॉटर प्रमाणपत्र 18 मीटरचं, म्हणून हाऊसिंग. ते 45 मीटर सोसतं. सपाट काचेमागे त्याची 25 मिलिमीटरची नजर पाण्यात 33 इतकी अरुंद होते. त्यावर उपाय म्हणजे हाऊसिंगच्या तोंडावर पाण्यातच चढवता-उतरवता येणारी वाइड लेन्स. निवड झाली.

माणसाने यासाठी किती ओझं उचललंय हे आठवलं की आजचं सुख कळतं. लुई बुताँने 1893 मध्ये फ्रान्सच्या बान्यूलला समुद्रात उतरवलेली कॅमेऱ्याची पेटी एकट्याने हलवण्यासारखी नव्हती. पुढे सागरसंशोधक कूस्तोंच्या पुढाकारातून कॅलिप्सो हा कवचाशिवाय पाण्यात चालणारा कॅमेरा आला आणि 1963 मध्ये निकॉनने त्याचा निकोनोस केला. ते बनवणं 2001 मध्ये थांबलं. बाजारात जुना निकोनोस दिसला तर मोह होतो, पण प्रवासासाठी मी तो सुचवणार नाही. छत्तीस फोटो संपले की पाण्याखाली रोल बदलता येत नाही.

दुपारी 4

केळीच्या पॅकहाऊसवर काम होतं, निर्यातीच्या मालाचे फोटो. घडाच्या फण्या सुट्या करून हौदात सोडतात, तिथे चीक धुतला जातो. हौदातलं पाणी चिकाने दुधाळ झालेलं, म्हणजे मालवणपेक्षाही वाईट. मालकांना विचारून काम आटोपल्यावर कॅमेरा हाऊसिंगसकट हौदात धरला. मावश्या काम थांबवून बघायला आल्या.

लाइट लेन्सच्या शेजारी ठेवला तर चित्रभर पांढरे ठिपके, कारण पाण्यातल्या कणांवरून उजेड सरळ लेन्सकडे परततो. हाच लाइट हातभर बाजूला नेऊन किंचित बाहेरच्या दिशेने वळवला आणि कणांचा पडदा विरळ झाला. फणीपासून हातभर दूर असताना सगळं धुरकट. वीतभर अंतरावर आलो तेव्हा हिरव्या सालीवरचा पाण्याचा बुडबुडासुद्धा दिसला. "भाऊ, आमच्या केया अशा दिसता का पाण्यातून!" एक मावशी स्क्रीन बघत म्हणाल्या.

या हौदाने दोन गोष्टी ठरवल्या. लाइटचा हात लांब घ्यायचा, आणि लाल फिल्टर घरी ठेवायचा. तो निळ्या पाण्यासाठी आणि वरून येणाऱ्या उजेडासाठी असतो. हिरव्या पाण्याला जांभळट छटेचा लागतो, आणि स्वतःचा लाइट लावल्यावर तर दोन्ही नकोत. चिकाचा डाग राहू नये म्हणून हाऊसिंग तिथल्या तिथे गोड्या पाण्याने धुतलं. मालवणला प्रत्येक डाइव्हनंतर असंच करायचं, बादलीत बुडवून बटणं दाबत राहायची, म्हणजे खाचेतलं मीठ निघतं.

संध्याकाळी 7

सावद्याहून भुसावळ, तिथून गाडी बदलत कुडाळ, मग मालवण. इतक्या प्रवासात खांद्यावर पेलेल एवढंच घ्यायचं. कॅमेरा, हाऊसिंग, वाइड लेन्स, लांब हातावरचा एक व्हिडिओ लाइट, सुट्या बॅटऱ्या, जादा ओ-रिंग, ग्रीस, सिलिका जेलच्या पुड्या. थंड पाण्यात कवचातला दमट वारा काचेवर धुकं धरतो. पुडी ते अडवते, म्हणून कवच सकाळी कोरड्या खोलीतच बंद करायचं, होडीवर उघडायचं नाही. विमानाने जाणार असाल तर लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत ठेवा आणि हाऊसिंगची रिंग काढून ठेवा, नाहीतर हवेच्या दाबाच्या फरकाने कवच घट्ट बसतं.

रात्री 9

बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. आईने विचारलं, "एवढंच?" एवढंच.

जायच्या जागेबद्दलही थोडं सांगायचंय. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, 29.12 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासच्या या पाण्यात प्रवाळ आहे आणि कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. फोटोसाठी त्यावर हात टेकणारा, पाय ठेवणारा माणूस कितीही महागडा कॅमेरा घेऊन आला तरी त्याने पाण्यात उतरू नये. आणि तुमची ही पहिलीच डाइव्ह असेल तर कॅमेरा नेऊच नका. श्वास, कानांवरचा दाब आणि गाइडच्या खुणा, एवढ्याकडेच लक्ष द्या. फोटो गाइड काढून देतात. शरीर पाण्यात तरंगतं ठेवणं जमलं की मग कॅमेरा घ्या, आणि तो तुमच्या पाण्याला साजेल असा घ्या.