अंतर आणि वाट

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण आज एकत्र आलो आहोत, ते आम्हांस भूगोल शिकवीत. पृथ्वीगोलावर दोरा ताणून दोन नगरांमधील अंतर कसे मोजावे, हे त्यांनीच दाखविले. मी पुढे भाषेच्या वाटेने गेलो, तरी तो दोरा विसरलो नाही. आज त्याने दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को जोडून पाहू. कारण या सभागृहातील अनेकांची मुले-नातवंडे त्या किनाऱ्यावर नांदत आहेत.

भिंतीवरील नकाशात ही नगरे जोडणारी सरळ रेघ महासागर ओलांडून आडवी जाते. गोलावर ताणलेला दोरा मात्र उत्तरेस चढतो आणि सैबेरिया, आर्क्टिक महासागर व अलास्का यांवरून खाली उतरतो. हे लघुतम अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे.

परंतु लघुतम अंतर म्हणजे लघुतम प्रवास नव्हे. एअर इंडियाचे विमान आरंभी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर उडून तेथे पोहोचत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून, नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी अधिक लांब. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला.

असे का व्हावे? पृथ्वी खालून फिरते म्हणून, असे कित्येकजण सांगतात; ते खरे नव्हे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरे कारण वाऱ्याचे आहे. सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट प्रवाह असतात. त्यांचा वेग कधी ताशी २०० किलोमीटरांहूनही अधिक होतो. पूर्वेस जाणाऱ्या विमानास ते पाठीमागून रेटतात, पश्चिमेस जाणाऱ्यास समोरून अडवितात. या पूर्वेच्या वाटेवर दिनांकरेषाही ओलांडावी लागते. म्हणून ऑक्टोबरात दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी उतरतो, तेव्हा तेथे त्याच तारखेची सकाळ असते आणि घड्याळात ६ वाजलेले असतात!

भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटत नाही. आपले पूर्वज 'चार दिवसांची वाट' म्हणत, 'मजल दरमजल' करीत जात. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. घाट, नदी, पाऊस यांप्रमाणे ती लहानमोठी होई. कोस जमिनीचे माप होते, मजल चालणाऱ्याचे. आजचा वैमानिक वारा पाहून वाट निवडतो, तेव्हा तोही मजलच मोजीत असतो.

आणि घरी वाट पाहणारी आई? परदेशातील मुलास ती किलोमीटर कधीच विचारीत नाही. 'केव्हा पोहोचशील?' एवढेच विचारते. दोरा कोठपर्यंत पुरतो आणि कोठे वाऱ्यास विचारावे लागते, हे ओळखणे म्हणजेच भूगोल शिकणे. आमच्या गुरुजींनी तो असाच शिकविला.