चार पायांचं बदक

बदकाचं चित्र समोर ठेवलं तर हे रुग्ण ते छान उतरवतात. चित्र बाजूला करून दहा सेकंदांनी तेच आठवून काढायला सांगितलं, की काहींच्या बदकाला चार पाय येतात. केंब्रिजच्या संशोधकांनी 2003 साली ही चित्रं प्रसिद्ध केली. आजाराचं नाव सिमँटिक डिमेन्शिया. नजर शाबूत, हात शाबूत, कालपरवाच्या घटनाही बऱ्यापैकी लक्षात असतात. पुसलं जातं ते वस्तूंविषयीचं ज्ञान.

तेही क्रमाक्रमाने. उंटाची मदार आधी जाते, पाय राहतात. झेब्रा पाहून रुग्ण आधी ‘घोडा’ म्हणतो, काही काळाने नुसतं ‘जनावर’. जनावर म्हटलं की चार पाय आलेच!

हे ज्ञान मेंदूत असतं कुठे? एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी 1984 साली हर्पिस विषाणूमुळे मेंदूला सूज येऊन गेलेल्या चार रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातला जे. बी. आर. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा रुग्ण ब्रीफकेस कशाला लागते, होकायंत्राने काय कळतं, हे व्यवस्थित सांगे. पोपट म्हणजे काय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आदल्याच वर्षी वॉरिंग्टन आणि रोझलीन मॅकार्थी यांनी नेमकं उलटं उदाहरण नोंदवलं होतं: प्राणी, फुलं, खाद्यपदार्थ ओळखू येतात, निर्जीव वस्तूंपाशी अडतं.

प्राणी आपण मुख्यतः रूपावरून ओळखतो, अवजारं वापरावरून; म्हणून इजा कुठे झाली त्यावर काय जाणार हे ठरतं, असा पहिला अर्थ लावला गेला. जे. बी. आर.ला वाद्यं आणि रत्नंही ओळखता येत नव्हती, हे त्याच्याशी जुळतं. पण 2009 साली जन्मांध व्यक्तींच्या मेंदूतही सजीव आणि निर्जीव वस्तूंसाठी वेगवेगळे भाग काम करताना दिसले. ज्यांनी कधी काही पाहिलंच नाही, त्यांच्यातही ही विभागणी असेल, तर ती निव्वळ नजरेच्या अनुभवातून घडलेली नाही.

आज बऱ्याच संशोधकांना पटलेलं चित्र असं: रंग, आवाज, हाताची हालचाल यांची माहिती मेंदूत ठिकठिकाणी असते आणि कानशिलामागच्या टेम्पोरल लोबचं पुढचं टोक ती जंक्शनसारखी एकत्र जोडतं. सिमँटिक डिमेन्शियात झीज होते ती नेमकी याच टोकाची.

तरीही घरातली रोजच्या हाताळणीतली किटली यातले काही रुग्ण बिनचूक वापरतात. दुसऱ्या घडणीची किटली हातात दिली, की तिचं काय करायचं हे त्यांना उमगत नाही.