माईकभोवतीची डागडुजी

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माईक सहसा बिघडत नाही, बिघडते ते त्याच्या भोवतीचे सामान. पॉप फिल्टरचे कापड फाटते, शॉक माउंटचे इलास्टिक सैल पडते, स्टँड मान टाकतो, केबल टोकाशी तुटते. या प्रत्येक वस्तूत झिजणारा भाग अगदी किरकोळ असतो: वीतभर कापड, हातभर इलास्टिक, एखादी चकती, दोन इंच तार. तेवढा भाग ओळखून बदलला की वस्तू पुन्हा कामाला लागते.

पॉप फिल्टरचे काम तोंडातून सुटणारा हवेचा झोत फोडण्याचे. ‘फणस’ किंवा ‘भाकरी’ म्हणताना ओठ सुटताच हवा सरळ पुढे जाते आणि माईकच्या पडद्यावर आदळून ‘धप्’ असा आवाज मुद्रित होतो. विणीच्या बारीक छिद्रांतून ध्वनिलहरी पार होतात, झोत मात्र विखुरतो. कापड फाटले तर जुनी रिंग तशीच वापरता येते. रिंगही मोडली असेल तर भरतकामाची सहा इंची लाकडी रिंग चालते. तिच्यावर नायलॉनच्या पातळ लांब मोज्याचे दोन पदर ताणून बसवावेत आणि दोन पदरांत थोडी फट राहील असे पाहावे. फिल्टर जमला की नाही हे मेणबत्तीवर कळते. वीतभर अंतरावरून ज्योतीकडे तोंड करून ‘फणस’ म्हटले की ती हलते किंवा विझते. मध्ये फिल्टर धरल्यावर ती जवळपास स्थिर राहायला हवी. फिल्टरची लवचीक मान झुकत असेल तर तिच्या बाजूने जाड लोखंडी तार ठेवून इन्सुलेशन टेपने घट्ट गुंडाळावी.

माईकवर चढवायच्या फोमच्या टोपीला मात्र दुरुस्ती नाही. हा पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत काही वर्षांत आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडू लागतो. असा फोम चिकटवण्याच्या फंदात न पडता फेकून द्यावा, कारण भुगा जाळीतून आत गेला की नुकसान माईकचेच. फोम शाबूत पण मळलेला असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावा. शुअरच्या एसएम58 सारख्या गायनाच्या माईकची गोल जाळी फिरवून निघते. ती आतल्या फोमसह अशीच धुता येते. धुताना माईक दूर ठेवावा.

शॉक माउंटमध्ये माईक इलास्टिकवर अधांतरी टांगलेला असतो, त्यामुळे पावलांचा किंवा टेबलावरच्या टिचकीचा हादरा वाटेतच जिरतो. इलास्टिक सैल पडले की माईक बाहेरच्या कड्याला टेकतो आणि हादरा थेट पोचतो. पण ते फार ताणून बसवले तरी तोच दोष येतो, कारण ताठ इलास्टिक हादरे जिरवण्याऐवजी पुढे ढकलते. कचेरीतले साधे रबरबँड इथे टिकत नाहीत. उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी ते सुकून तुटतात. त्यांच्याऐवजी केस बांधायचे कापडी आवरणाचे रबर किंवा शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळणारे गोल इलास्टिक घ्यावे. जुने काढण्यापूर्वी त्याच्या नागमोडी विणीचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर कोणता पदर कोणत्या आकड्यावरून गेला होता हे नंतर आठवत नाही. मोठ्या पडद्याचे कंडेन्सर माईक साधारण 300 ते 500 ग्रॅमचे असतात. नव्या इलास्टिकवर एकदम माईक टांगू नये. तेवढ्याच वजनाची पाणी भरलेली छोटी बाटली रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी ती कड्याला टेकलेली दिसली तर एक वेढा वाढवावा.

स्टँडचा आडवा दांडा माईकच्या वजनाने खाली येत असेल तर बहुधा सांध्यातली चकती झिजलेली असते. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून किंवा चामड्याच्या तुकड्यातून त्याच मापाची चकती कापून बसवली की पकड परत येते. मागच्या टोकाला वाळू भरलेली बाटली बांधली की तोल सांभाळला जातो. पायांची रबरी बुटे हरवली असतील तर आधाराच्या काठीची बुटे मापाने बसतात.

आट्यांचा घोळ मात्र झिजेचा नसतो. माईक स्टँडवर दोन मापे चालतात: अमेरिकी वळणाचे 5/8 इंच, इंचात 27 आटे, आणि युरोपीय वळणाचे 3/8 इंच, इंचात 16 आटे. एकाची क्लिप दुसऱ्यावर जबरदस्तीने फिरवली की आटे मरतात. त्यासाठी पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो नाही सापडला, तर लेथवालाही करून देतो. आटे नुसते ढिले झाले असतील तर नळदुरुस्तीची टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळली की भागते.

केबल बहुतेक वेळा टोकापाशी, कनेक्टरच्या आत तुटते. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पहिली पिन शील्डची, दुसरी धन आणि तिसरी ऋण असते. लक्षणांवरून दोष ओळखता येतो. शील्ड तुटली की साधा डायनॅमिक माईक गुणगुणत का होईना चालतो, पण कंडेन्सर माईक गप्प होतो, कारण त्याला लागणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा शील्डमधूनच परततो. दुसरी किंवा तिसरी तार तुटली तर आवाज बारीक होतो आणि गुणगुण वाढते. मल्टिमीटर बीपवर लावून एका टोकाची प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेशी जोडून पाहावी आणि त्याच वेळी केबल टोकाशी हलवून बघावी.

दोष सापडल्यावर टोकाची दोन-तीन इंच केबल कापून टाकावी. नवी तार जोडण्याआधी कनेक्टरचे मागचे बूड केबलमध्ये ओवून घ्यावे. हे विसरले की झालेले सोल्डरिंग पुन्हा सोडवावे लागते. तारेला आणि पिनेच्या वाटीला आधी वेगवेगळे सोल्डर लावावे, मग दोन-तीन सेकंदांत जोडावे. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकले तर पिन धरणारे प्लास्टिक वितळते. दुसरी आणि तिसरी तार एका टोकाला उलटली तर एकटा माईक ठीक वाटतो, पण दोन माईक एकत्र लावताच खालचे सूर पोकळ होतात. दुरुस्त केबल फँटम बंद ठेवूनच जोडून पाहावी. सदोष केबलमधून फँटमचा विद्युतदाब रिबन माईकच्या नाजूक पट्टीपर्यंत गेला तर ती खराब होऊ शकते.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात कंडेन्सर माईक दमटपणाने तडतडू लागतो. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात.

घरगुती दुरुस्तीची हद्द मात्र माईकच्या जाळीपाशी संपते. कंडेन्सरचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यावर सोन्याचा पातळ थर असतो. त्यावर फुंकर मारू नये, कापूस फिरवू नये, स्पिरिट लावू नये. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची वाफही त्यावर बसते, म्हणून मोडलेली क्लिप चिकटवतानादेखील माईक दुसऱ्या खोलीत ठेवावा. पडद्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे. बाकी सारी दुरुस्ती एका डब्यात मावणाऱ्या सामानात होते.