राखेचे गणित

गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशात भामरागड शोधा. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तेथे एकत्र येतात. या डोंगराळ मुलखातील माडिया गोंड लोक पूर्वापार फिरती शेती करीत आले. उतारावरची झाडेझुडपे तोडायची, वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर जाळायची आणि राखेत कोसऱ्यासारखे भरड धान्य फेकायचे. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे जायचे. अबूझमाडात हिला ‘पेंदा’ म्हणतात, बैगा लोक ‘बेवर’ म्हणतात, कोकणात ती ‘कुमरी’ आणि ईशान्येकडे ‘झूम’. आता माडिया लोक मुख्यतः बांध्यांत भात लावतात. पण जुन्या पद्धतीमागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे.

‘ही शेती म्हणजे जंगलाचा नाश’ असे म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. तसे असते, तर ते जंगल केव्हाच संपले नसते काय?

डोंगरावरची माती पातळ असते. वनस्पतींचे पुष्कळसे अन्न मातीपेक्षा झाडांतच साठलेले असते. झाडे जाळली की पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस राखेत उरतात. राख अल्कधर्मी असल्याने मातीचा आंबटपणा कमी होतो आणि तणाचे बी भाजून जाते. नायट्रोजन मात्र बहुतेक हवेत निघून जातो. दोन-तीन पावसाळ्यांत राख धुपते, तण माजते. मग जमिनीला विश्रांती हवी. त्या काळात झाडांची मुळे खोलवरचे क्षार वर आणतात, पालापाचोळा कुजतो आणि शेंगावर्गीय वनस्पती नायट्रोजनची भर घालतात.

आता थोडे गणित करू. समजा, एक जागा ३ वर्षे कसायची आणि १५ वर्षे पडीक ठेवायची. फेरा १८ वर्षांचा झाला; म्हणजे प्रत्येक कुटुंबाला ६ जागा हव्यात. कुटुंबे दुप्पट झाली, तर वाट्याला ३ जागा येतात. फेरा ९ वर्षांचा होतो आणि विश्रांती उरते अवघी ६ वर्षे! माणसे दुप्पट, पण विश्रांती निम्म्याहूनही कमी. आणखी एक पाहा : माणसे तेवढीच राहून जमीन निम्मी झाली, तरी उत्तर तेच येते. १८७८ च्या वन कायद्याने देशात राखीव जंगले आखली जाऊ लागली आणि फिरायला जागा कमी उरली. तेव्हा दोष केवळ कुऱ्हाडीला देता येत नाही.

विश्रांती घटली की माती उघडी पडते. पावसाचा ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. मग नुसते उंच साग लावले तर? सागाच्या रुंद पानावरून निथळलेला मोठा थेंब आठ-दहा मीटर पडताना पुन्हा बराच वेग घेतो. मातीला खरे संरक्षण मिळते ते खालच्या झुडपांचे आणि पाचोळ्याचे.

म्हणून पर्याय हवा तो अनेक मजल्यांचा : वर मोह, मधे चारोळी, बांधावर बांबू, खाली धान्य. पळस-कुसुमावर लाख होते. ऐन-अर्जुनावर आरमोरी भागात कोशाच्या अळ्या पाळतात. झाड न तोडता उत्पन्न मिळते.

पण झाड वाढायला वर्षे लागतात. उद्या जागा आपली राहील याची खात्री नसेल, तर आज रोप कोण लावील? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जो राखतो, त्यालाच फळ मिळते, हेही एक शास्त्रच आहे.

एक प्रयोग करा. दोन ट्रे सारख्या मातीने भरून सारखेच तिरपे ठेवा. एकावर वाळलेला पाला पसरा. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी सोडा आणि खाली वाहून आलेले पाणी दोन काचेच्या पेल्यांत धरा. कोणता पेला गढूळ झाला? त्यामागचे कारण वर्गाला समजावून सांगा.