हँगरमधले वीस हजार फूट

मंडळी, मुंबईचे विमान आपण बहुतेक जण हीथ्रोहूनच पकडतो, तेव्हा ही हकिगत घरचीच समजा. 2021 च्या जून-जुलैत तिथे एकामागून एक विमानांच्या वेगमापक नळ्या तुंबलेल्या आढळल्या. दोन विमानांना तर धावपट्टीवर वेग घेतल्यावर उड्डाण सोडून द्यावे लागले. चौकशीत नळ्यांमध्ये गांधीलमाश्या-मधमाश्यांची घरटी निघाली! कोविडच्या काळात विमाने दिवसेंदिवस उभी होती. कोकणात कुंभारीण कुलपाच्या भोकात मातीचे घर करते, तोच प्रकार.

ही पिटो नळी मूळची आंरी पितो या फ्रेंच इंजिनिअरची. 1732 मध्ये त्याने तिने सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजला. समोरून येणारी हवा नळीत दाबली जाते. विमानाच्या कुशीवरच्या बारीक भोकांत आजूबाजूच्या हवेचा दाब मिळतो. या दोहोंतल्या फरकावरून वेग कळतो, आणि नुसत्या भोकांतल्या दाबावरून उंची. आकडे फार नाजूक असतात. जमिनीवर हवेचा दाब 1013 मिलिबार, 18,000 फुटांवर निम्मा. 100 नॉट वेगाला जादा दाब जेमतेम 16 मिलिबार, 200 नॉटला 66.

तपासणीत विमान हँगरमध्येच उभे असते. नळी आणि भोके रबरी पाइपांनी एका पेटीला जोडतात. पेटीतला पंप भोकांकडचा दाब कमी करत नेतो आणि वैमानिकाच्या घड्याळात उंची चढू लागते. पूर्वी तंत्रज्ञ एकेक आकडा हाताने लावून वहीत टिपायचा. आता पायऱ्यांची यादी, म्हणजे ‘टेस्ट प्रोफाइल’, आधी संगणकावर लिहून पेटीत भरतात. प्रत्येक पायरीत उंची, वेग, चढण्याचा दर, थांबण्याचा वेळ आणि किती फरक चालेल हे असते. अमेरिकी नियमांत ही सूट 10,000 फुटांना 80 फूट, 20,000 ला 130 फूट आहे. गळतीही बघतात: साध्या, बिनदाबाच्या केबिनच्या विमानात हजार फुटांवर पंप थांबवला, तर मिनिटाला शंभर फुटांपेक्षा जास्त उंची उतरता कामा नये.

आमच्या प्रयोगशाळेतही यंत्राला ‘मेथड’ भरून द्यावी लागते, पण तिथे चुकले तर नमुना वाया जातो, एवढेच. इथे दर वाजवीपेक्षा जास्त लिहिला, किंवा नळीतला दाब भोकांतल्या दाबाखाली गेला, तर महागडे मापकच बिघडते. म्हणून त्या जातीच्या विमानाच्या मर्यादा आधी भरायच्या, फूट-मीटर, नॉट तपासायचे आणि नवी यादी पहिल्यांदा पाइपांची तोंडे बंद करून, विमानाला न जोडता चालवून बघायची. युरोपात 2002 पासून 29,000 फुटांच्या वर दोन विमानांत हजार फुटांचेच अंतर ठेवतात. तिथे शे-दोनशे फुटांची चूक परवडत नाही.

माझ्या मते यादीत सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची: दाब जमिनीवर आणा, पाइप काढा, चिकटपट्ट्या मोजून काढा. ती पेटी करून देत नाही, माणसालाच करावी लागते. 2 ऑक्टोबर 1996 ला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या 757 विमानाची भोके धुण्याआधी पट्टीने झाकली होती, ती तशीच राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना ना खरी उंची कळली, ना वेग. विमान समुद्रात पडले आणि सर्व 70 जण गेले.