बेटावरचं गोडं पाणी

आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मुलीनं आणि जावयानं तिकिटं हातात ठेवली, तेव्हा मी म्हणालो, ‘अगं, मालदीव म्हणजे नव्या जोडप्यांचं ठिकाण. आम्ही दोघं तिथं जाऊन काय करणार?’ ती म्हणाली, ‘अब्बा, चार दिवस काहीच करू नका.’ हे काम कवीला जमण्यासारखं होतं. आम्ही गेलो.

मुंबईहून तीन तासांच्या आत माले, तिथून स्पीडबोटीनं पाऊण तास. बेट एवढंसं, की सकाळी चालायला निघालं तर वीस मिनिटांत पुन्हा आपल्याच खोलीच्या दारात. पांढरी वाळू, पुढं हिरवं-निळं पाणी, आणि खोलीला लागून उघड्यावरचं न्हाणीघर. वर आकाश आणि परातीएवढ्या शॉवरमधून कोसळणारं पाणी. पहिल्याच दिवशी पत्नी म्हणाली, ‘चारी बाजूंनी खारा समुद्र. मग हे गोडं पाणी येतं कुठून?’ आमच्या घरात मुद्द्याचा प्रश्न नेहमी तिच्याकडूनच येतो. आजचं माझं बोलणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी थोडं या देशाविषयी. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटं आहेत. लोकवस्ती आहे ती दोनशेच्या आसपास बेटांवर. १९७२ साली ‘कुरुंबा’ नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. कुरुंबा म्हणजे शहाळं. अवघ्या तीस खोल्या होत्या. पुढं धोरणच ठरलं, एका बेटावर एकच रिसॉर्ट. बेट सरकारचं, रिसॉर्टवाला भाडेपट्ट्यानं घेणार. पाहुणे एका बेटावर, गावकरी दुसऱ्या बेटावर. दारूची परवानगी रिसॉर्टच्या बेटावर, गावात नाही. गावांतल्या घरगुती गेस्टहाउसना मुभा मिळाली ती २००९ च्या सुमारास. म्हणजे ज्याला आपण ‘खासगी बेट’ म्हणतो, ते मुळात कुणी राहत नसलेलं बेट असतं. आता, तिथं कुणी का राहत नव्हतं? पुष्कळदा कारण एकच, पाणी.

तिथली भाषा दिवेही. ही आपल्या मराठीची दूरची मावसबहीणच. तीनला ‘तिने’, आठला ‘अशे’. लिपी उजवीकडून डावीकडे, आणि तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली. ही माहिती कळल्यावर मी दोन दिवस त्याच आनंदात होतो. पाण्याला तिथं ‘फेन’ म्हणतात. आपल्याकडं फेन म्हणजे फेस. पाण्याच्या बाबतीत त्या बेटांची कहाणी या दोन अर्थांच्या मधे कुठंतरी आहे.

चौदाव्या शतकात इब्न बतूता इथं काझी होता. त्यानं लिहून ठेवलंय, की ही माणसं कवड्या बंगालला देतात आणि तांदूळ आणतात. त्या काळी या कवड्या नाण्यासारख्या चालत. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी’ म्हणतो. एका रात्रीचं भाडं मी इथं सांगत नाही, पण ते कवड्यांत मोजायचं झालं तर गलबत लागेल.

आता पाण्याकडं वळू. आपल्या मालवणच्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांनी १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं, ते खडकाच्या बेटावर. मालदीवच्या बेटाला खडकाचा तसा आधार नाही. ते प्रवाळाच्या चुऱ्याचं आणि वाळूचं बनलेलं. त्यातली बरीच वाळू तर पोपटमाशाची कृपा. तो प्रवाळ कुरतडतो आणि पोटातून वाळू करून बाहेर टाकतो. अशी जमीन म्हणजे चाळणी. खालून, बाजूनं समुद्र आत शिरलेला असतो.

मग विहीर कशी लागते? तर पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पाण्यावर तेल तरंगावं तसं. फरक एवढाच, की तेल पाण्यात मिसळत नाही आणि हे हळूहळू मिसळतं. बेटाच्या पोटात या गोड्या पाण्याचा आकार भिंगासारखा असतो. कडेला पातळ, मध्यभागी जाड. हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर हातभर गोडं पाणी असेल, तर खाली चाळीस हात असायला हवं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीच्या घुसळणीनं ते बरंच कमी भरतं. बेट जितकं अरुंद, तितकं भिंग पातळ. आता पोहऱ्यानं काढा, वर्षानुवर्षं पुरेल. पंप लावून ओढा, की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर नासते. मैलापाणी मुरलं तरी तेच.

मग शॉवरमधलं पाणी कुठून आलं? उत्तर मिळालं शुक्रवारी. नमाजाची चौकशी केली, तेव्हा बेटाच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची मशीद असल्याचं कळलं. नारळीच्या दाट रांगेपलीकडं गेलो, तर वेगळंच बेट. कामगारांच्या खोल्या, वाळत घातलेल्या शेकडो चादरी, धुलाईघर, डिझेलच्या टाक्या, आणि सतत घरघरणारी यंत्रं. समुद्रकिनाऱ्यावरच्या शांततेचा कारखाना इथं होता.

तिथल्या एका तंत्रज्ञानं नमाजानंतर सगळं दाखवलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. हे पाणी प्रचंड दाबानं, हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पटींनी, एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. मीठ अलीकडं, पाणी पलीकडं. उरलेलं दुप्पट खारं पाणी परत समुद्रात. चांगल्या यंत्राला हजार लिटरमागं तीन-चार युनिट वीज लागते, लहान यंत्राला त्याहून जास्त. वीज डिझेलची, आणि डिझेल बोटीनं आलेलं. म्हणजे माझ्या डोक्यावर कोसळत होतं ते एका अर्थी डिझेलच.

त्याच मशिदीत बागेत काम करणारा एक वयस्कर माणूस शेजारी वजू करत होता. नळाची धार अगदी बारीक. आम्हालाही लहानपणी शिकवलेलं, की नदीकाठी बसलास तरी वजूला पाणी वाया घालवू नकोस. हिंदी सिनेमांच्या कृपेनं त्याला हिंदी येत होतं. त्याचं गाव दुसऱ्या बेटावर. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत लाट गावावरून गेली आणि विहिरी खाऱ्या झाल्या. ‘तेव्हापासून आमच्या विहिरीचं पाणी आम्ही प्यायलो नाही,’ तो म्हणाला. पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, ते पितात. उन्हाळ्यात टाकी तळाला गेली, की बोटीची वाट पाहायची. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. पगाराच्या पैशांतून त्यानं दुसरी टाकी घेतली होती, ते मात्र अभिमानानं सांगितलं.

यंत्रावर विसंबण्यात धोका काय, तो मालेनं ४ डिसेंबर २०१४ रोजी पाहिला. शहराच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखाहून अधिक माणसांचे नळ कोरडे पडले. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं.

तुम्ही म्हणाल, त्या देशाचं तो देश पाहील. पण हाच प्रश्न आपल्या दारातही आहे. लक्षद्वीप त्याच जातीच्या बेटांचा समूह. दक्षिणेकडच्या मिनिकॉयची भाषासुद्धा दिवेहीचंच रूप. एकंदर जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, दहा बेटांवर वस्ती, २०११ च्या जनगणनेत साडेचौसष्ट हजारांच्या आत माणसं. कवरत्तीला २००५ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी समुद्राच्या वरच्या आणि खोलवरच्या पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर चालणारा, रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभा केला. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपला जाण्याची देशभर हौस उसळली. जाऊ नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः चार दिवस आयतं सुख भोगून आलोय आणि त्या बागवानाचं घर पाहुण्यांवरच चालतं. पण तिथं खोल्या किती बांधायच्या हे समुद्राच्या रंगाकडं बघून ठरवू नये. गावच्या विहिरीखालचं भिंग किती जाड आहे, पाहुण्यांचं पाणी कुठून येणार, मैलापाणी कुठं जाणार, हे आधी विचारावं. रिसॉर्टचं यंत्र बंद पडलं, तर पाहुणा विमानानं घरी जातो. विहीर नासली, तर गावकऱ्यानं कुठं जायचं?

शेवटचे दोन दिवस आम्ही दोघांनी शॉवर बंद ठेवला आणि बादली मागितली. त्या आलिशान रिसॉर्टमध्ये बादली शोधायला बराच वेळ लागला. अखेर ती आली, मागच्या धुलाईघरातून.

पुण्याला परतल्यावर मुलीनं फोनवर विचारलं, ‘अम्मी, कसं होतं बेट?’ पत्नी म्हणाली, ‘फार सुंदर. आणि हे बघ, तुमच्या सोसायटीचा तो गळका नळ दुरुस्त करून घेतलास का?’